घर घ्या, पण कोणाचे घर मोडून नव्हे



आपल्या आजोबा-पणजोबांना घराची जागा निवडण्याचा प्रश्न कधी पडला नाही. ती जागा त्यांच्या जन्मापूर्वीच ठरलेली असे. गावकुसाबाहेर त्यांनी झोपड्या घालाव्यात आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहावे, असा तो न लिहिलेला कायदा होता आणि लिहिलेल्या कायद्यापेक्षा तो अधिक कडकपणे पाळला जात होता. आज आपल्यापैकी एखादे कुटुंब स्वकष्टाचा पैसा गाठीशी बांधून एखाद्या शहराच्या जुन्या, झाडांनी भरलेल्या वस्तीत जाते आणि "आम्हांस येथे घर हवे आहे" असे म्हणते, तेव्हा ते शेकडो वर्षांची ती रेषा ओलांडीत असते. सबब अशा खरेदीचा विचार दलालाच्या टेबलापाशी उरकून चालणार नाही. तो आपण आपल्यामध्ये, उघडपणे आणि नीट केला पाहिजे.

मी व्यवसायाने वकील आहे. जमिनीचे आणि घरांचे कागद वाचणे हे माझे रोजचे काम. डहाणू-तलासरीकडचे एक प्रकरण नुकतेच माझ्यापुढे आले. त्यातील माणसांची नावे सांगण्याचे कारण नाही. गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण उद्या ती तुमच्याही घरी घडू शकेल.

दोन दारे

नालासोपाऱ्यास भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे हे कुटुंब. पती रेल्वेत, पत्नी शाळेत शिक्षिका, दोन मुली आणि दम्याने बेजार झालेली म्हातारी आई. दोन वर्षांपूर्वी अशोक विजयादशमीस त्यांनी दीक्षा घेतली. विरारपर्यंत येणारी लोकल 2013 च्या एप्रिलपासून डहाणू रोडपर्यंत धावू लागली, तेव्हापासून डहाणूस राहून मुंबईच्या बाजूस नोकरी करणे शक्य झाले आहे. आईस मोकळी हवा मिळावी या हेतूने त्यांनी डहाणूच्या एका जुन्या वस्तीत बैठे घर पाहिले. मंगलोरी कौले, मागे विहीर, दोन चिकू आणि एक फणस. मालक ऐंशीच्या पुढचे, मुले परदेशी. भाव ठरला. चहा आला. मग मालकांनी विचारले, "आडनावावरून नीटसे लक्षात येत नाही. आपण कोणापैकी?"

पतीने सरळ सांगितले, "आम्ही बौद्ध."

"असे होय. मुलांना विचारून कळवतो."

तीन दिवसांनी दलालाचा निरोप आला की मालकांस घर विकावयाचेच नाही. दोन महिन्यांच्या आत तेच घर दुसऱ्यास विकले गेले, आणि तेही यांनी कबूल केलेल्या किमतीहून कमी किमतीत! पदरचे पैसे सोडूनही माणूस आपला पूर्वग्रह जपतो, हे आपल्या देशाचे अर्थशास्त्र आहे.

हे पहिले दार. ते बंद झाले. त्याच दलालाने मग दुसरे दार उघडले. "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. तलासरीच्या बाजूला पाच गुंठे देतो, निम्म्या पैशात. जागा आदिवासीची आहे, पण ती काळजी माझी. साठेखत नोटरीपुढे करू, कुलमुखत्यारपत्र घेऊ, आणि सातबारावर माझ्या ओळखीच्या एका आदिवासी माणसाचे नाव लावू. सगळे असेच घेतात."

विसार म्हणून काही रक्कम देऊन हे पतिपत्नी तो कागद घेऊन माझ्याकडे आले. पत्नी म्हणाली, "वकीलसाहेब, तिथे आमची जात आडवी आली. इथे तरी काही आडवे येणार नाही ना?"

मी कागद वाचला आणि म्हटले, "बाई, इथे तुम्हीच कोणाच्या तरी आडवे जात आहात."

हा लेख त्या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे. पहिले दार आपल्यासाठी उघडले पाहिजे म्हणून आपण कायद्याकडे धाव घेतो. दुसऱ्या दाराशी तोच कायदा उभा आहे. तेथे त्यास चुकवून आत शिरणारा माणूस पहिल्या दाराशी कोणत्या तोंडाने न्याय मागणार?

ही शांतता आणि ही हिरवाई कोणाची?

घरांच्या जाहिरातींत तीन शब्द नेहमी येतात: शांत, हिरवी, जुनी वस्ती. डहाणूस हे तिन्ही शब्द लागू पडतात. पण ते कसे लागू पडले, हे विकत घेणाऱ्याने समजून घ्यावे.

डहाणूची हिरवाई आपोआप उगवलेली नाही. डहाणूपासून घोलवड-बोर्डीपर्यंतच्या चिकूच्या वाड्या इराणी आणि इतर बागाईतदारांनी उभ्या केल्या. त्या चिकूस 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु त्या वाड्यांतील खड्डे कोणी खणले? पाणी कोणी घातले? फळ कोणी उतरविले? वारल्यांनी. ज्यांच्या घामावर ही सावली उभी आहे त्यांचे नाव जाहिरातीत नसते, आणि बहुधा सातबारावरही नसते.

वस्ती जुनी झाली, कारण बागाईतदारांची मुले मुंबईस वा परदेशी गेली. एकट्या पारशी समाजाचे उदाहरण घ्या: 2001 च्या जनगणनेत भारतात 69,601 पारशी होते, 2011 मध्ये ते 57,264 उरले. मोठाल्या घरांत एकेक म्हातारा जीव राहतो, आणि घरे विक्रीस निघतात. अशी घरे रीतसर विकत घेण्यात काहीही गैर नाही. उलट ती आपल्यास मिळालीच पाहिजेत.

आणि शांतता? तीही कायद्याने राखलेली आहे. 20 जून 1991 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला गेला आणि उद्योगांवर कडक मर्यादा आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 ऑक्टोबर 1996 च्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी 2019 मध्ये निवर्तले तोपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. त्याच प्राधिकरणाने 31 जुलै 2023 रोजी वाढवण बंदरास संमती दिली, आणि मच्छीमारांचा व आदिवासींचा विरोध असताना 30 ऑगस्ट 2024 रोजी त्या बंदराची पायाभरणी झाली. द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेन यांनीही या बाजूच्या जमिनी मागितल्या आहेत. त्यामुळे डहाणू-तलासरीत आज दलालांचा सुकाळ आहे. तुमच्याकडे आलेला दलाल त्यांपैकीच एक होय.

पहिले दार: मागे फिरू नका

"आपली माणसे आपल्या वस्तीतच बरी," असे आपल्यातीलच काही वडीलधारे सांगतात. त्यांच्या बोलण्यामागे अनुभव आहे, भीतीही आहे. चार घरे आपली असली म्हणजे रात्री-अपरात्री हाक मारता येते. हे मी नाकारीत नाही. पण भीतीपोटी पत्करलेली वस्ती आणि लादलेला महारवाडा यांत कालांतराने फरक उरत नाही, हेही त्यांनी ध्यानी घ्यावे.

बाबासाहेबांचे चरित्र आठवा. 1917 साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन ते बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी गेले. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांस सायंकाळपर्यंत जागा सोडावी लागली. एका हिंदू मित्राने आणि एका ख्रिस्ती मित्राने आसरा देण्याचे टाळले. अखेर काही तास सार्वजनिक बागेत काढून ते मुंबईस परतले. ही गोष्ट मी कोणा एका समाजावर ठपका ठेवण्यासाठी सांगत नाही. जातीचा रोग धर्माची वेस ओळखीत नाही, एवढाच तिचा अर्थ.

त्याच बाबासाहेबांनी पुढे 1930 नंतरच्या काही वर्षांत घर बांधले ते कोठे? दादरच्या हिंदू कॉलनीत! त्यांनी त्यास राजगृह हे मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिले आणि ते ग्रंथांनी भरून टाकले. तेथे राहावयास गेल्यामुळे ते समाजापासून दुरावले काय? उलट महाराष्ट्रातील गरिबातला गरीब माणूस त्या दाराशी जाऊ लागला. घर दुसऱ्या रस्त्यावर गेले म्हणजे माणूस आपल्या लोकांतून उठून जात नाही. मन गेले तरच जातो.

आता कायद्याचे बोलू. 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यास 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव आहे. त्याच्या चौथ्या कलमात एक पोटकलम आहे, जे आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले असेल. कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, संपादन करणे किंवा त्यात राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणावर निर्बंध लादणे हा गुन्हा आहे. शिक्षा 1 महिन्यापासून 6 महिन्यांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे. बारावे कलम तर त्याहून महत्त्वाचे: अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार दार बंद करणाऱ्यावर आहे.

"पण आम्ही तर दीक्षा घेतली; मग अनुसूचित जातीचे संरक्षण गेले काय?" असा प्रश्न नवदीक्षित कुटुंबे मला वारंवार विचारतात. गेले नाही. अनुसूचित जातींविषयीचा 1950 चा आदेश 1990 मध्ये दुरुस्त झाला आणि त्यात हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचा समावेश झाला. "आम्ही बौद्ध" असे सांगितल्याने तुम्ही काहीही गमावीत नाही. म्हणून ते मान वर करून सांगा.

या लढाईतील अडचण मी लपविणार नाही. ओसरीवर चहाच्या कपाबरोबर दिलेला नकार कोणी लिहून देत नाही. म्हणून तुम्ही लिहा. घर पसंत पडताच किमतीचा प्रस्ताव लेखी द्या; दलालाचे फोनवरील निरोप पुसू नका; बोलणी करताना एक साक्षीदार जवळ ठेवा. आणि घर पुढे दुसऱ्यास विकले गेले, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून त्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्यास लोक इंडेक्स टू म्हणतात, तिची नक्कल काढा. तीत किंमत नोंदलेली असते. तुम्ही जास्त देत असता घर कमी किमतीत दुसऱ्यास गेले, हे तो कागद स्वतःच्या तोंडाने सांगेल.

2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद येथील एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरतेच ठेवणारा नियम वैध ठरविला. तो निर्णय मला पटत नाही. घरांच्या बाबतीत संघटना-स्वातंत्र्याची अशी ढाल मान्य केली, म्हणजे शहराचे पुन्हा वाडे पडतात. पण त्या निर्णयाचा बागुलबुवा करणाऱ्यांसही उत्तर आहे. तो खटला एका समाजाने स्वतःसाठी काढलेल्या संस्थेच्या नोंदलेल्या नियमाविषयी होता. अस्पृश्यता पाळण्याचा परवाना त्याने कोणासही दिलेला नाही. स्वतःचे घर बाजारात मांडणाऱ्या मालकास तर अशा कोणत्याही नियमाचा आधार नाही. एरवीच्या सहकारी संस्थेसही पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारले तर निबंधकाकडे दाद मागता येते. ती मागा.

दुसरे दार: तेथे पाऊल टाकू नका

आता दलालाच्या त्या पाच गुंठ्यांकडे वळू.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात. 2011 च्या जनगणनेप्रमाणे तलासरी तालुक्यात दर दहा माणसांत नऊ आदिवासी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 36-अ हे 1974 पासून लागू आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विक्री, दान, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा वा अन्य कोणत्याही रीतीने देण्यास ते मनाई करते. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि विक्रीस त्याखेरीज राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते. अनुसूचित क्षेत्रात त्यापुढे ग्रामसभेच्या संमतीचीही अट आहे. तुमच्या हाती अनुसूचित जातीचा दाखला असला, तरी या कलमापुरते तुम्ही बिगर-आदिवासीच आहात.

दलालाने सुचविलेल्या तीन युक्त्या एकेक करून पाहा. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. नोटरीचा शिक्का सहीची साक्ष देतो, मालकी देत नाही. दुसऱ्या आदिवासीच्या नावावर जमीन ठेवणे हा बेनामी व्यवहार होय. 1988 च्या कायद्याप्रमाणे उद्या त्या माणसाने "जमीन माझी" असे म्हटले, तर "पैसे माझे होते" असा दावाही तुम्हांस लावता येत नाही, आणि मालमत्ता सरकारजमा होऊ शकते ती निराळीच. म्हणजे निम्म्या पैशात तुम्ही मालमत्ता घेत नसून एक टांगती तलवार घेत आहात.

पण कायद्याची भीती हे माझे मुख्य कारण नव्हे. समजा, तुम्ही सापडलाच नाहीत, तर?

अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा आहे. आदिवासीची जमीन बेकायदा बळकावणे वा त्यास तिच्यावरून हुसकावणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. मात्र तो गुन्हा अनुसूचित जाती वा जमातीचा नसलेल्या माणसासच लागू होतो. म्हणजे आपल्यातील एखाद्याने वारल्याची जमीन गिळली, तर सवर्ण सावकार ज्या कायद्याने तुरुंगात जाईल, त्या कायद्याने हा जाणार नाही! कायदा करणाऱ्यांनी ही सूट का ठेवली? जे स्वतः नागवले गेले ते दुसऱ्या नागवलेल्यास लुटणार नाहीत, हे त्यांनी गृहीत धरले असावे, असे मला वाटते. या विश्वासाचा उपयोग पळवाट म्हणून करावयाचा काय, हा प्रश्न न्यायालयात विचारला जाणार नाही. तो तुम्हीच तुम्हांस विचारावयाचा आहे.

आणि ही युक्ती तुमच्या परिचयाची नाही काय? महार वतनाच्या जमिनी आठवा. 1928 साली बाबासाहेबांनी वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध विधेयक आणले. कनिष्ठ गावनोकरांची वतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला, आणि परत मिळालेल्या त्या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकू नयेत अशी अट त्यात घातली गेली. तरी शहरांच्या कडेच्या कितीतरी वतनी जमिनी कशा गेल्या? असाच अंगठा, असेच कुलमुखत्यारपत्र, असाच मध्यस्थ, असेच "सगळे असेच घेतात." ज्या घरातील म्हाताऱ्याच्या अंगठ्याने आपले वतन गेले, त्या घरातील सुशिक्षित नातू आता वारल्याचा अंगठा घेण्यास निघाला आहे! यास प्रगती म्हणावयाचे असेल तर अधोगतीस काय म्हणावे?

दीक्षेच्या दिवशी आपण पंचशील उच्चारले. त्यातील दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. "पण आदिवासी स्वतःच देत आहे, पैसे घेऊन देत आहे," असे कोणी म्हणेल. तो का देत आहे, हे पाहा. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराच्या घरी राबावे, अशी लग्नगड्याची पद्धत या मुलखात होती. वेठ होती, मारझोड होती. 1945 साली झरी गावी वारली हजारोंनी जमले आणि त्यांनी वेठीस नकार दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार होऊन जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. त्या लढ्याचे नेतृत्व गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी केले. हे शामराव कोण? 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळात गेलेले आमदार! 10 जानेवारी 1938 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, त्या चळवळीतील ते कार्यकर्ते. पुढे दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या हे खरे. पण कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याकडे राहावी, हा धडा एकाच शाळेतला होता.

अशा मुलखातील माणूस आजारपणापायी, मुलीच्या लग्नापायी वा दारूच्या उधारीपायी जमिनीवर अंगठा उठवितो, तेव्हा ते देणे नव्हे. कायद्यानेही ते देणे मानलेले नाही. 1957 ते 1974 या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत करविणारा महाराष्ट्राचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली वैध ठरविला. कारण भुकेल्याशी केलेला करार हा बरोबरीच्यांमधला करार नसतो.

राहिला शेवटचा आक्षेप: "आम्ही घेतली नाही तर दुसरा घेईल." घेईल. पण स्पृश्यांपैकी प्रत्येक जण हेच म्हणत होता: मी एकट्याने तळ्यावर पाणी भरू दिले तर गाव काय म्हणेल? जगातील प्रत्येक अन्याय या एका वाक्याच्या सावलीत सुखाने नांदला आहे. आपण तरी त्यास सावली देऊ नये.

मग घर घ्यावे कसे?

घ्यावे, अवश्य घ्यावे. परंतु डोळे उघडे ठेवून घ्यावे.

एकटा सातबारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. जमिनीचे जुने फेरफार काढा आणि 1957 पर्यंत मागे जा. मधल्या काळात एखाद्या आदिवासी खातेदाराचे नाव निघून बिगर-आदिवासीचे लागले असेल, तर परवानगीचा आदेश मागा. आदेश नसेल तर उठून या. गावठाणाबाहेरच्या घरास बिनशेती आदेश आहे काय, हे पाहा. शहर हद्दीत मिळकत पत्रिका पाहा. चिकूच्या वाडीत "प्लॉट" पाडून देतो असे कोणी म्हटले, तर 1991 च्या अधिसूचनेप्रमाणे आणि प्रादेशिक योजनेप्रमाणे तेथे बांधकाम चालते काय, याचा झोन दाखला घ्या. समुद्राजवळ असाल तर किनारा नियमन क्षेत्राची रेषा पाहा.

घर जुने असेल तर भिंती दाखवून घ्या. 2018 च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के पुनःपुन्हा बसत आले आहेत. जुन्या दगडमातीच्या भिंतीस जाणत्या अभियंत्याचा हात लागल्याशिवाय विसार देऊ नका. वाडीच्या कोपऱ्यात एखादे वारली कुटुंब तीन पिढ्या राहत असेल, तर मालक म्हणेल, "ताबा देण्यापूर्वी त्यांना काढतो." असल्या रिकाम्या ताब्याचा आग्रह धरू नका. आधी त्या कुटुंबाचा राहण्याचा हक्क तपासा आणि तो मान्य करूनच व्यवहार करा. ज्या घरात आपल्या आधी कोणास तरी रडविले गेले, तेथे आपल्या मुलींनी बुद्धवंदना म्हणावी काय?

आणि शक्य तर खरेदीखत घरातील बाईच्या नावाने नोंदवा. महाराष्ट्रात 2021 पासून स्त्री-खरेदीदारास राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. पण सवलत नसती तरी मी हेच सांगितले असते.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. तलासरीचा कागद त्यांनी सोडून दिला. दलाल विसार परत देत नाही. त्यास मी नोटीस पाठविली आहे. नालासोपाऱ्याच्या त्याच दोन खोल्यांत ते अजून राहतात, म्हातारीचा दमा तसाच आहे, आणि रविवारी ते डहाणूस जाऊन घरे पाहतात. पहिल्या घराची इंडेक्स टू निघाली आहे. त्यांनी देऊ केलेल्या रकमेहून कमी किंमत तीत स्वच्छ नोंदलेली आहे. तक्रारीचा मसुदा तयार करून मी त्यांच्या हाती दिला. पती म्हणाले, "नोकरीवर काही येणार तर नाही ना? थोडा विचार करतो." पत्नीने तेथेच पिशवीतून पेन काढले आणि सही केली.

बंधूंनो आणि भगिनींनो, हक्क मागणारा हात स्वच्छ असावा लागतो, आणि स्वच्छ हाताने हक्क मागावाच लागतो. यांतील एक गोष्ट सोडून दुसरी करता येत नाही. डहाणूच्या त्या रस्त्यावर उद्या तुमचे घर होवो. त्याच्या दारावर तुमचे नाव ठळक अक्षरांत असो, आणि त्या दारावरून जाणाऱ्या वारल्यास मान खाली घालावी लागू नये, तुम्हांसही लागू नये.

जय भीम.